मुठीखालचा निकेल

२०२४ साल, आणि माझं वय शहात्तर. आश्विनातल्या उन्हाची एक पट्टी युसूफभाईंच्या दुकानातल्या फळीवर आडवी पडली होती आणि त्या पट्टीत, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर, आहेर सुभेदारांचं रिव्हॉल्व्हर निजलेलं होतं. हत्यार बघून माणसाला भय वाटतं म्हणतात. मला मात्र ऊब वाटली. निकेलचा उजेड असाच असतो. चांदीचा उजेड थंड, क्रोमचा निळसर आणि परका. निकेलच्या पोटात मात्र किंचित पिवळेपणा असतो, तापवलेल्या दुधाच्या सायीत असतो तेवढाच. चौतीस वर्षांपूर्वी तो उजेड मी माझ्या हातांनी त्या लोखंडावर चढवला होता. आपलं काम इतक्या वर्षांनी समोर येतं तेव्हा कसं वाटतं, सांगू? लग्न करून दिलेली लेक दारात उभी राहावी, तसं. आधी आपण तिचा चेहरा बघतो, आणि मग हळूच तिची मनगटं बघतो, कुठे वळ तर नाही ना!

वळ होता. मुठीच्या लाकडाला लागून, चौकटीच्या पोलादावर, नखाएवढ्या जागेत निकेल उचलला होता आणि त्याखालून गंजाची तांबूस कड डोकावत होती. हा डाग मला नवा नव्हता. तेवीस वर्षांपासून मी त्याला ओळखत होतो. त्या डागापायी एका बाईचं नाव बिघडलं होतं, आणि ते बिघडवणारं तोंड माझं होतं. ती बाई म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, सुमनवहिनी. सुभेदार जाऊन दीड वर्ष झालं होतं, परवाना त्यांच्याबरोबर संपला होता, मुलाला हत्यार नको होतं. म्हणून ते रीतसर कागद करून युसूफभाईंकडे, हत्यारांच्या परवानाधारक दुकानात, जमा होतं आणि आता सरकारजमा व्हायचं होतं. त्याआधी वहिनींनी निरोप धाडला होता: गांगुर्डे मिस्तरींना एकदा मूठ उघडून बघू द्या. निकेल माझ्या हातानं गेला की त्यांच्या, तेवढं मला कळू द्या.

मी गेलो तो खात्रीनं गेलो. माझ्या हातानं निकेल जातो, हे वाक्य ऐकून घ्यायचीही माझी तयारी नव्हती.

सातपूरला माझी पत्र्याची शेड होती, तिथे मी उणीपुरी चाळीस वर्षं निकेल चढवला. सायकलींची हँडलं, दवाखान्यांतल्या कात्र्या, पितळी तोट्या, बँडवाल्यांचे कर्णे. शाळा मी फार पाहिली नाही. पण हौदातल्या हिरव्या पाण्याकडे बघून त्यात काय उणं आहे ते मी सांगायचो, आणि शिकलेले लोक नळ्या-बाटल्या घेऊन तेच शोधायला दोन दिवस लावायचे. मला त्याचा गर्व होता. आहे. का नसावा? गर्व ही गरिबाची एकच वस्तू अशी, की जी कुणी त्याला देत नाही आणि कुणाला त्याच्याकडून नेता येत नाही.

निकेल लोखंडाला चिकटत नाही, तर त्याच्यावर उगवतो. हौदात वस्तू तारेला टांगून वीज सोडली की पाण्यातला निकेल कणाकणानं येऊन तिच्या अंगावर बसतो, दव गवतावर बसावं तसा. कागदापेक्षा पातळ थर! पण खालची भुई निर्मळ असेल तर तो थर माणसाचं आयुष्य ओलांडून जातो. म्हणून आमच्या धंद्यात चढवणं कमी आणि धुणं जास्त. वस्तू चुन्यानं घासायची, धुवायची, आणि वाहत्या पाण्याखाली धरून बघायची. पाणी ओल्या मलमलीसारखं अंगभर एकसंध उतरलं तर वस्तू साफ. कुठे पाणी फाटलं, थेंब होऊन पळालं, की समजायचं तिथे तेल आहे. आणि एकदा साफ झाल्यावर उघड्या बोटानं तिला शिवायचं नाही. 'शिवू नका' हा शब्द माझ्या बापजाद्यांनी जन्मभर ऐकला, विहिरीवर ऐकला, देवळाच्या पायरीवर ऐकला. माझ्या शेडीत तोच शब्द मी आल्यागेल्या सगळ्यांना सांगायचो, शेठला सांगायचो, इन्स्पेक्टरला सांगायचो, स्वतःला सांगायचो. कारण तेल सगळ्यांच्याच बोटाला असतं. इथे त्या शब्दानं कुणाला कमी केलं नाही. जगात एवढी एकच जागा मी पाहिली, जिथे तो शब्द न्यायाचा होता.

आणि चढवलेला निकेल राखायचा कसा, तेही सांगतो, कारण लोक प्रेमानंच त्याचा नाश करतात. हत्यार चामड्याच्या पाकिटात निजवून ठेवतात. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात मुरलेली असतात, वर पावसाळ्यात ते ओल धरतं. निकेलला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून ती ओल खाली उतरते आणि गंज आतल्या आत पसरतो. वरून सगळं लख्ख! चमक कमी झाली की काही लोक घासायची पेस्ट घेऊन बसतात, आणि कडेकडेचा निकेल, जो आधीच पातळ असतो, तो घासून घासून पार करतात. अरे, निकेल धूसर झाला म्हणजे त्याचं वय झालं, तो आजारी नाही. बंदुकीची नळी धुवायच्या औषधात अमोनिया असला, आणि निकेलखाली तांब्याचा पहिला हात दिलेला असला, तर ते औषध एखाद्या चिरेतून शिरून ते तांबं खाऊन टाकतं. आंबट तर त्याहून वाईट. लिंबू, कोकम, चिंच, काही काही लावू नये. पातळ तेलाचं एक बोट, मलमलीचं फडकं, कोरडी जागा, आणि हात लावला की पुसून ठेवणं. एवढंच. पण एवढंच करत राहणं माणसाला जमत नाही. आपल्याला काळजी घेतलेली दाखवायची असते, आणि दाखवायची काळजी नेहमी घासूनच घेतली जाते.

सुभेदारांची आणि माझी ओळख १९९० सालची. ते कळवणकडचे, गंगापूर रोडला घर बांधलेले, फौजेतून रजेवर आलेले. मळ्यातल्या वस्तीसाठी वडिलांच्या काळापासून घरात रिव्हॉल्व्हर होतं, आता परवाना त्यांच्या नावानं झाला होता. पण मूळचा काळा मुलामा उडून त्यावर गंज धरला होता. युसूफभाईंनी ते उकललं, चौकट, नळी, चक्री असे सुटे भाग कागदपत्रांसह माझ्याकडे आणले, मागोमाग सुभेदार स्वतः आले. माणूस ताडमाड, मिशी कातरलेली, बोलणं हुकमी. म्हणाले, "मिस्तरी, खंडेनवमीला पाटावर पाहिजे. दसऱ्याला माझी रजा संपती." खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, त्या दिवशी त्यांच्या घरी हत्यारं-अवजारं पाटावर मांडून पूजतात. मी म्हटलं, "सुभेदार, वेळेवर देतो. आणि लिहून ठेवा, तुम्ही जाल, मी जाईन, हा निकेल जाणार नाही." ते मोठ्यानं हसले, "लिहायचं कशाला, तुझं तोंडच स्टँप आहे!" तिथून आमची मैत्री. दसऱ्याला मी सकाळी पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेण्यांकडच्या विहारात जायचो, कारण तो आमचाही दिवस. आणि येताना सुभेदारांकडे जायचो. ते माझ्या हातात आपट्याचं पान ठेवायचे, मी त्यांच्या हातात ठेवायचो. त्यांना माझं वंदन कळायचं नाही, मला त्यांचा पाट कळायचा नाही, पण त्या पाटावर माझा निकेल असायचा, आणि तो दोघांना कळायचा.

२००१ च्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सुभेदार तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी सगळ्यांसमोर रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलं. मुठीच्या कडेला निकेल उचललेला. "मिस्तरी, हे काय? तू तर म्हणाला होतास आपण जाऊ पण हा जाणार नाही!" दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. आणि त्याच क्षणी माझं लक्ष देवघराकडे गेलं. देव, ताम्हन, पळी-पंचपात्र, सगळं तांबं चिंचेनं घासून गुलाबी-लख्ख केलेलं. बुडत्याला काठ दिसावा, तसं झालं. मी म्हणालो, "सुभेदार, हे रिव्हॉल्व्हर आहे, तांब्याचा हंडा नव्हे. घरातल्यांनी चिंच लावली याला."

सुमनवहिनी दारात उभ्या होत्या, हातात फराळाच्या बश्या. त्या म्हणाल्या, "नाही हो भाऊ. चिंच देवांना लावते. ह्याला नुसतं कोरडं फडकं."

"वहिनी, तुम्ही नाही म्हणा, चिंच हो म्हणते. चाळीस हात लांबून वास येतो मला."

सगळे हसले. सुभेदारांचे धाकटे भाऊ नाना कळवणहून आलेले, स्वभावानं खट्याळ, ते हात जोडून ओरडले, "वहिनी, मना ट्रॅक्टरले हात लावू नका बरं! रंग उडी जाई!" आणखी हशा. मीही हसलो. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक वहिनी. दुसरे सुभेदार, त्यांनी हत्यार फडक्यात गुंडाळलं, कपाटात ठेवलं, किल्ली खिशात घातली. त्यानंतर खंडेनवमीचा पाट त्यांनी वहिनींना मांडू दिला नाही. एकवीस वर्षं.

गंमत ही गंजासारखी असते. पडते एका ठिकाणी, पसरते घरभर. नानांनी काढलेलं 'चिंचवहिनी' हे नाव आधी कळवणला गेलं, मग नामपूरच्या सोयऱ्यांत गेलं. पुतणीच्या लग्नात रुखवतातली चांदीची ताटं मांडताना कोणी म्हणे, चिंचवहिनींना लांब ठेवा गं! नवीन सून आली, तिलाही पहिल्या महिन्यात कळलं की सासूबाईंच्या हाताखाली वस्तू टिकत नाही. ज्या बाईचं घर तांब्या-पितळेच्या लखलखाटासाठी गल्लीत ओळखलं जायचं, तिच्याच हाताला हा बट्टा. हे सगळं मला कळत होतं, कारण दर दसऱ्याला मी त्या घरी जातच होतो, फराळ खात होतो, आणि कुणी चिंच म्हटलं की मिशीत हसत होतो. कारण तो हशा म्हणजे माझ्या निकेलची ग्वाही होती! सुभेदार गेले तेव्हा मी भेटायला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या वेळीही त्या हळूच म्हणाल्या, "मिस्तरी, चिंच नव्हती." 'भाऊ' कधीच सुटलं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या वहिनी, आता कशाला ते!" जणू मीच त्यांना क्षमा करत होतो.

आता तुम्ही विचाराल, त्या दिवशी मूठ का नाही उघडली? एक स्क्रू होता. सुरीच्या टोकानंही फिरला असता. लाकडाखालचा निकेल बघितला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं, कारण लाकडाखाली ना चिंच जाते, ना फडकं. दुसऱ्याचं काम तपासताना मी पहिल्यांदा झाकलेलीच जागा उघडायचो. मग माझ्याच कामाची झाकलेली जागा मला का सुचली नाही? ह्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मला ते लिहवत नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

तर युसूफभाईंचं दुकान. ते माझ्याच वयाचे, चष्म्याला दोरी बांधलेली. म्हणाले, "आधी चाय की आधी स्क्रू, मिस्तरी?"

"आधी स्क्रू. चहा जिंकल्यावर."

"तुम्ही और तुमचा निकेल! दोघंही उतरायला तयार नाहीत."

हत्यार रिकामं असल्याची त्यांनी पुन्हा खात्री केली, माझ्या डोळ्यांसमोर चक्री फिरवून दाखवली. स्क्रू गंजून बसला होता. दोन थेंब तेल सोडून आम्ही थांबलो. पेचकस फिरला. लाकडाची एक फाक सुटून फडक्यावर पडली, आणि तिच्याबरोबर निकेलचा एक पापुद्रा पडला, लसणाच्या सालीएवढा, तसाच वळलेला.

लाकडाखालचं पोलाद उघडं होतं. बाकी चौकटीवर निकेल घट्ट, नुकताच हौदातून काढल्यासारखा. आणि मधेच एक लंबगोल जागा सोललेली. अंगठ्याएवढी. तिथूनच गंज वर सरकत सरकत मुठीच्या कडेपर्यंत आला होता, आणि कडेला दिसत होता तो डाग त्याचाच होता. त्या लंबगोलात एक तिरपी रेघ होती. तेवढ्या रेघेपुरता निकेल अजून तग धरून होता, पोलादाला बिलगून, चकाकत.

मी माझा उजवा हात उताणा केला. तरुणपणी पॉलिश करायच्या बफच्या फिरत्या चाकानं माझा अंगठा फाडला होता, टाके पडले होते. तिथे एक पांढरी तिरपी रेघ आहे. जखमेच्या त्या कातडीला घाम येत नाही, तेल सुटत नाही. मी अंगठा त्या लंबगोलावर धरला, टेकवला नाही, नुसता वर धरला. रेघेवर रेघ बसली.

केव्हा शिवलो मी त्याला? मला आठवत नाही. त्या काळी वीज जायची; कदाचित धुऊन ठेवलं असेल, वीज गेली असेल, पुन्हा आली तेव्हा घाईनं तारेला टांगताना हातमोजा घालायचं राहिलं असेल. सुभेदारांची रजा संपत होती, खंडेनवमी तोंडावर होती. कदाचित असं, कदाचित तसं. मन सबबी शोधत राहतं, पण अंगठा तिथे होता. माझ्या बापानं जन्मभर कागदांवर अंगठा उठवला. काय लिहिलंय ते न कळता उठवला आणि त्यात जमिनीचा तुकडा गमावला. मी चौथीपर्यंत गेलो, सही करायला शिकलो, आणि त्या दिवसापासून शाईच्या पॅडला बोट लावलं नाही. लोक म्हणायचे, गांगुर्ड्याला सहीचा फार ताठा. आणि इथे, पोलादावर, निकेलखाली, चौतीस वर्षं माझा अंगठा उठलेला होता! बापाच्या अंगठ्यानं त्याचं स्वतःचं नुकसान केलं. माझ्या अंगठ्याची भरपाई दुसरंच कुणी करत होतं.

युसूफभाईंनी चष्मा काढून फळीवर ठेवला. "मिस्तरी, माझा चष्मा बाजूला है. मी काही पाहिलं नाही. मूठ बसवू? हे तर आता मोडीत जाणार. भाभीला सांगतो, चिंच होती. उनको भी आदत हो गयी होगी."

त्यांनी हे माझ्यावरच्या मायेनं म्हटलं, हे मला समजत होतं. आणि खरं लिहायचं तर, मी लगेच नाही म्हणालो नाही. मी तो पापुद्रा उचलला, वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळला, खिशात घातला. तो कशासाठी उचलला, दाखवायला की लपवायला, हे त्या घडीला मलाही ठाऊक नव्हतं. "सांगतो मी," एवढंच म्हणालो. चहा न पिता निघालो. त्यांनीही आग्रह केला नाही.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. आमची शांता ओट्याशी भाजी चिरत होती. पन्नास वर्षांचा संसार. तिला माझ्या चपलांच्या आवाजावरून कळतं. "काय झालं?" मी सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, होतं असं, माणूस आहे, चुकतो. तिनं विळी आडवी केली आणि म्हणाली,

"नवीन लग्न झालं तेव्हा तुमच्या आईनं चार बायकांत सांगितलं होतं, हिच्या हाताला मीठ नाय. आठवतं का?"

"नाही बुवा."

"तुम्हाला कशाला आठवेल! पन्नास वर्षं झाली. आजही मीठ टाकताना माझा हात थांबतो. म्हातारी गेली, तिचं वाक्य नाय गेलं."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"मला काय विचारता? एवढे मोठे मिस्तरी तुम्ही. निकेलला भुई निर्मळ लागती म्हणून जगाला शिकवत फिरता. तुमच्या भुईचं बघा." आणि तिनं विळी उभी केली, पुन्हा भाजी चिरायला लागली. जेवताना आमटीला मीठ अगदी बरोबर पडलं होतं. मी तसं म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं.

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. आयुष्यभर मी ते म्हटलं, हात जोडून, पांढऱ्या कपड्यांत म्हटलं, आणि ज्या दसऱ्याला म्हटलं त्याच दसऱ्याला दोन तासांनी, तेच कपडे अंगावर असताना, एका बाईवर आळ घेतला. मी स्वतःला समजावलं, मला तेव्हा ते खरंच वाटत होतं, मग ते खोटं कसं? पण हे समजावणंही पाण्याखाली धरून बघावं लागतं. धरलं, आणि पाणी फाटलं. न बघता, न उघडता, स्वतःला वाचवण्यासाठी बोललेलं वाक्य खोटंच असतं, मग ते चुकून खरं ठरलं तरी. माणसाच्या कीर्तीचा थरही निकेलसारखाच पातळ. बाहेरून लख्ख, आणि खाली एखादी जागा अशी, की जिथे आपण घाईत काही शिवलेलो असतो. ती जागा बहुतेकांची झाकलेलीच राहते. झाकण लाकडाचं असतं, मैत्रीचं असतं, वयाचं असतं. म्हाताऱ्या माणसाची मूठ उघडायला कोण येतं? वहिनींनी निरोप धाडला नसता तर मी हा निकेल अभिमानानं बरोबर घेऊन गेलो असतो, आणि कळवणची पोरंबाळं त्यांना त्याच नावानं हाका मारत राहिली असती.

आणि एक गोष्ट मला नीट कळली. जिथे आळ घेतला तिथेच तो उतरवायला हवा होता. वहिनींच्या एकटीच्या कानात सांगून, चहा पिऊन परत आलो असतो, तर ते वरवर पुसण्यासारखं झालं असतं. हशा सगळ्यांत झाला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी उठून मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, कागदाचा कपटा खिशात ठेवला आणि गंगापूर रोडची बस धरली. सुभेदारांच्या दारात कळवणची जीप उभी होती. म्हणजे नाना आले होते. दिवाणखान्यात पाट मांडलेला, त्यावर कोयता, विळे, ट्रॅक्टरची किल्ली, मुलाचा लॅपटॉप; आणि नाना पाटासमोर बसून कुंकू कालवत होते. वहिनी नेहमीच्या जागी, आतल्या दाराशी.

"या मिस्तरी या!" नाना ओरडले. "एक दिवस आधीच? सोनं उद्या आहे!"

मी चपला काढल्या. खुर्ची पुढे केली गेली, बसलो नाही. कपटा उलगडून तो पापुद्रा मी पाटाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि उजवा अंगठा सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. "नाना, तुम्ही, सूनबाई, सगळ्यांनी ऐका. सुभेदारांचा निकेल चिंचेनं गेला नाही. काल मूठ उघडली. खाली हा अंगठा निघाला. हा माझा. वहिनी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या, आणि मी न बघता खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. नानांच्या बोटावरचं कुंकू पाटावर ठिबकलं. वहिनी पुढे आल्या, पापुद्रा तळहातावर घेतला, उजेडात उलटापालटा करून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"एक स्क्रू उघडायला तेवीस वर्षं लागली, मिस्तरी."

मी हो म्हणालो. आणि त्या काही पुढे म्हणेपर्यंत उभा राहिलो.